उपग्रह दूरचित्रवाणी आकाशक, जहाजावरील

भूस्थिर उपग्रहाकडून येणारे दूरचित्रवाणी संकेत चालत्या व हेलकावणाऱ्या जहाजावर ग्रहण करता यावेत म्हणून वापरण्यात येणारा, उपग्रहाच्या दिशेला सतत रोखून राहणारा आकाशक (अँटेना). घराच्या गच्चीवरील तबकडीसारखा आकाशक एकदा उपग्रहाकडे रोखून पक्का केला की, तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. जहाजावर मात्र आकाशकाचा आधारच स्थिर नसतो. जहाजाचा रोख बदलतो, लाटांमुळे ते दोन्ही अंगांना कलते व पुढेमागे डोलते आणि प्रवासात त्याचे अक्षांश-रेखांशही बदलत जातात. या तिन्ही बदलांची भरपाई करणारी यंत्रणा हा या आकाशकाचा विशेष भाग होय. त्यामुळे त्याचे समायोजन व दोषशोधन ही कामे घरगुती आकाशकाच्या मानाने अधिक विचारपूर्वक करावी लागतात.

भूपृष्ठावरील प्रेषकाकडून येणारे दूरचित्रवाणी तरंग जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने समुद्रावर फार दूर पोहोचत नाहीत. ३०० मी. उंचीच्या मनोऱ्यावरून निघालेले संकेत १६ मी. उंच डोलकाठीवर साधारणतः ८८ किमी.पर्यंतच मिळू शकतात. त्यापलीकडील समुद्रात दूरचित्रवाणीसाठी उपग्रह हाच मार्ग उरतो. खलाशांना कित्येक महिने घरापासून दूर राहावे लागते. त्यामुळे बातम्या, खेळ व मनोरंजन यांची सोय ही केवळ चैन मानली जात नाही. सागरी श्रमविषयक २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या मार्गदर्शक तत्त्वांत जहाजावरील करमणुकीच्या सोयींमध्ये दूरचित्रवाणी पाहण्याच्या सोयीचा उल्लेख आहे. हा करार २०१३ मध्ये अंमलात आला व भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली.

ऐतिहासिक आढावा : विषुववृत्तावर सु. ३५,७८६ किमी. उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसेल व संदेशवहनासाठी उपयोगी पडेल, ही कल्पना आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्ये विस्ताराने मांडली. १९६४ मध्ये सिंकॉम-३ हा पहिला भूस्थिर उपग्रह कार्यान्वित झाला. जहाजांच्या संदेशवहनासाठी मॅरिसॅट मालिकेतील तीन उपग्रह १९७६ मध्ये सोडण्यात आले. त्यांच्यासाठी जहाजांवर सु. १·२ मी. व्यासाचे, घुमटाकार आवरणात ठेवलेले व स्थिर केलेल्या मंचावर बसविलेले आकाशक वापरीत. सागरी उपग्रहांसाठीची इन्मारसॅट ही आंतरराष्ट्रीय संघटना १९७९ मध्ये स्थापन झाली. आजच्या सागरी दूरचित्रवाणी आकाशकांची मूळ रचना या संदेशवहन आकाशकांमध्ये आढळते.

भारतात १९७५-७६ या वर्षी एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने सु. २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग (साइट) करण्यात आला. उच्च शक्तीचे प्रक्षेपण व अंकीय संकेतन यांमुळे पुढे लहान तबकडीवर थेट घरी कार्यक्रम घेणे शक्य झाले. प्रसार भारतीची निःशुल्क थेट सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. ‘डीडी फ्री डिश’ या नावाने ओळखली जाणारी ही सेवा ९३·५° पूर्व रेखांशावरील उपग्रहावरून मिळते. तबकडी लहान झाल्यामुळेच ती लहान नौकांवरही बसविणे व्यवहार्य ठरले.

तत्त्व : या सेवांसाठी बहुतेक ठिकाणी १०·७ ते १२·७५ गिगॅहर्ट्‌झ हा केयू कंप्रता पट्टा वापरतात. १२ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाची लांबी २·५ सेंमी. असते. उपग्रहापासून जहाजापर्यंतच्या प्रवासात संकेत सु. २०५ डेसिबलांनी क्षीण होतो आणि ६० सेंमी. व्यासाच्या तबकडीला मिळणारी शक्ती एका वॉटच्या एक लक्ष-कोटींशाच्या आसपास असते. अन्वस्त आकाराचा परावर्तक ही शक्ती आपल्या केंद्राशी एकत्र करतो.

आकाशक ज्या अरुंद कोनात प्रभावीपणे ग्रहण करतो त्याला शलाका म्हणतात. शलाकेची अंशांतील रुंदी स्थूलमानाने तरंगलांबीला व्यासाने भागून ७० ने गुणले असता मिळते. यावरून १२ गिगॅहर्ट्‌झला ४५ सेंमी. तबकडीची शलाका सु. ३·९°, ६० सेंमी. तबकडीची सु. २·९° व १ मी. तबकडीची सु. १·७५° रुंद असते. शलाका आपल्या रुंदीच्या निम्म्याने सरकली की ग्रहण केलेली शक्ती निम्मी होते. म्हणजे ६० सेंमी.ची तबकडी दीड अंशाने चुकली तरी अर्धी शक्ती जाते. जहाज मात्र मध्यम समुद्रातही १०° किंवा त्याहून अधिक कलते. मोठी तबकडी अधिक शक्ती गोळा करते, परंतु तिची शलाका अरुंद असल्याने तिला अधिक अचूक रोखावे लागते. लहान तबकडीला रोखण्यातील चूक काहीशी चालते, मात्र तिच्या हाती पावसासाठी राखीव शक्ती कमी राहते.

रचना : परावर्तक, त्याच्या केंद्राशी असलेला शिंगाच्या आकाराचा पोषक व एलएनबी या नावाने ओळखला जाणारा अल्पगोंगाट परिवर्तक हे ग्रहण भाग होत. परिवर्तक संकेताचे विवर्धन करून त्याची कंप्रता ९५० ते २,१५० मेगॅहर्ट्‌झ इतकी खाली आणतो; कारण मूळ कंप्रतेचा संकेत साध्या केबलमधून नेल्यास तो वाटेतच नाहीसा होईल. ज्या केबलमधून संकेत खाली येतो त्याच समाक्ष केबलमधून ग्राही परिवर्तकाला विद्युत् दाब पुरवितो. प्रचलित सार्वत्रिक परिवर्तकात १३ व्होल्टला उभे व १८ व्होल्टला आडवे ध्रुवण निवडले जाते. सोबत २२ किलोहर्ट्‌झचा स्वर असल्यास वरचा (११·७ गिगॅहर्ट्‌झच्या वरील) व नसल्यास खालचा उपपट्टा निवडला जातो. दोषशोधनात या चार जोड्यांचा फार उपयोग होतो.

परावर्तक दिगंश व उन्नतांश या दोन अक्षांवर चलित्रांच्या साहाय्याने फिरतो. मोठ्या आकाशकांत जहाजाच्या कलण्याच्या भरपाईसाठी तिसरा अक्षही असतो. कोनीय वेग मोजणारे घूर्णी संवेदक, उभी दिशा ठरविणारे कल-संवेदक वा प्रवेगमापक व सूक्ष्मप्रक्रियकाचे नियंत्रण मंडल ही मंचावरच बसविलेली असतात. या सर्वांवर काचतंतू अथवा तत्सम अधातवीय पदार्थाचे घुमटाकार आवरण असते. हे आवरण वारा, मीठ व पाणी यांपासून संरक्षण करते, पण रेडिओ तरंगांना पारदर्शक असते. जहाजात खाली नियंत्रक, ग्राही व दूरचित्रवाणी संच असतात.

स्थिरीकरण व अनुसरण : एखादी नौका आठ सेकंदांच्या आवर्तकालाने दोन्ही अंगांना १५° कलत असेल, तर तिचा कोनीय वेग एका क्षणी सेकंदाला जवळजवळ १२° होतो. इतक्या वेगाने आधार फिरत असताना परावर्तक आकाशाच्या संदर्भात जागीच ठेवणे हे स्थिरीकरणाचे काम होय. घूर्णी संवेदकाने नोंदलेल्या गतीच्या उलट दिशेने चलित्रे परावर्तकाला फिरवितात. परंतु संवेदकांमध्ये हळूहळू चूक साचत जाते. ती काढण्यासाठी परावर्तक वा शलाका उपग्रहाभोवती अगदी लहान वर्तुळात फिरवून किंवा पायरीपायरीने हलवून संकेत कोणत्या बाजूला वाढतो हे सतत तपासले जाते. याला अनुसरण म्हणतात. स्थिरीकरण जलद परंतु साचणाऱ्या चुकीचे, तर अनुसरण सावकाश परंतु अचूक असते. दोन्ही मिळूनच आकाशक काम करतो. कोणते कार्य बिघडले आहे हे ओळखणे ही निदानाची पहिली पायरी ठरते.

उपग्रह डोक्यावर जवळजवळ येतो तेव्हा दोन अक्षांच्या मंचाला अडचण होते. उन्नतांश २०° असताना समोरच्या उपग्रहासाठी जहाज १०° कलल्यास दिगंशात सु. ३·६° फरक करावा लागतो. उन्नतांश ७६° असल्यास तोच फरक सु. ३५° होतो. चलित्रे इतकी जलद फिरू शकली नाहीत, तर प्रत्येक हेलकाव्याला चित्र जाते. विषुववृत्तानजीकच्या समुद्रात तीन अक्षांचे मंच पसंत करतात ते याच कारणाने.

उपग्रहाची दिशा व ध्रुवण-कल : दिगंश म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला क्षितिजावरील कोन व उन्नतांश म्हणजे क्षितिजापासूनची उंची. रेषीय ध्रुवणाच्या बाबतीत तिसरा कोनही साधावा लागतो. उपग्रह निरीक्षकाच्या बरोबर दक्षिणेला नसेल, तर त्याचे आडवे व उभे ध्रुवण निरीक्षकाला तिरपे दिसते आणि परिवर्तकही तेवढाच तिरपा करावा लागतो. ९३·५° पूर्व रेखांशावरील उपग्रहासाठी काही ठिकाणची गणिताने येणारी मूल्ये पुढील कोष्टकात दिली आहेत. त्यांत उपग्रहाचे ध्रुवण विषुववृत्ताच्या पातळीशी जुळते आहे असे गृहीत धरले आहे.

कोष्टक : ९३·५° पूर्व रेखांशावरील उपग्रहासाठी कोन (अंशांत, स्थूलमानाने)

| स्थान | दिगंश | उन्नतांश | ध्रुवण-कल |
|---|---|---|---|
| मुंबई | १३१ | ५८ | ४६ |
| मार्मागोवा | १२७ | ६१ | ५१ |
| कोची | ११९ | ६७ | ५९ |
| दोंद्रा टोक (श्रीलंका) | ११४ | ७३ | ६५ |
| पोर्ट ब्लेअर | १७६ | ७६ | ४ |

मुंबईहून श्रीलंकेला वळसा घालून पोर्ट ब्लेअरला जाणाऱ्या जहाजावर दिगंश व उन्नतांश आकाशक आपोआप साधतो. परंतु ध्रुवण-कल ४६° वरून ६५° पर्यंत वाढून नंतर ४° पर्यंत उतरतो. पुष्कळ लहान आकाशकांत परिवर्तक हाताने फिरवावा लागतो. तो तसा फिरविला नाही, तर यंत्रणेत काहीही बिघाड नसताना चित्र जाते. उत्तर अमेरिकेतील काही सेवांप्रमाणे वर्तुळाकार ध्रुवण वापरले जात असल्यास हा कल साधावा लागत नाही, पण त्यासाठी परिवर्तकच वेगळा लागतो. म्हणून महासागर ओलांडणाऱ्या जहाजांवर परिवर्तक बदलण्याची किंवा दोन्ही प्रकारचे परिवर्तक ठेवण्याची व्यवस्था असते.

जागेची निवड व बसवणी : आकाशकाला सर्व दिशांना मोकळे आकाश दिसणे ही आदर्श स्थिती होय. जहाजावर डोलकाठी, धुराडे व यारी यांमुळे ती क्वचितच मिळते. उपग्रहाचा उन्नतांश कमी असलेल्या समुद्रात हे अडथळे अधिक जाणवतात. फार उंचावर बसविल्यास दृष्टी मोकळी होते, पण हेलकाव्यांचे धक्के वाढतात. त्यामुळे तडजोड करावी लागते. आधाराचा खांब ताठ असावा. तो एंजिनाच्या कंपनांशी अनुस्पंदित होऊ लागल्यास धारवे व संवेदक लवकर निकामी होतात.

आकाशक रडारच्या शलाकेत येऊ देऊ नये. जहाजावरील रडार सु. ९·४ अथवा ३ गिगॅहर्ट्‌झवर चालते व त्याची उभी शलाका वीस-पंचवीस अंशांपर्यंत रुंद असते. रडारचे शक्तिशाली स्पंद परिवर्तकाचा नाजूक विवर्धक जाळू शकतात. म्हणून आकाशक रडारच्या पातळीच्या पुरेसा वर वा खाली व काही मीटर दूर बसवितात. होकायंत्रापासूनही निर्मात्याने सांगितलेले अंतर राखावे लागते. नव्या आकाशकाच्या आत वाहतुकीत परावर्तक हलू नये म्हणून अडसर वा बांधण्या घातलेल्या असतात. त्या काढण्याचे राहून गेल्यास पहिल्याच वेळी चलित्रांवर ताण पडून यंत्रणा बंद पडते. आकाशकावरील पुढच्या दिशेची खूण जहाजाच्या नाळेकडे करून ती मध्यरेषेला समांतर ठेवावी.

समायोजन : हे काम शक्यतो धक्क्याला बांधलेल्या जहाजावर, निरभ्र दिवशी करावे. क्रम साधारणतः असा असतो : (१) नियंत्रकात उपग्रह, अक्षांश व रेखांश बरोबर भरले आहेत हे पाहणे. (२) मोठ्या आकाशकांत घूर्णी होकायंत्राकडून येणारा जहाजाचा रोख प्रत्यक्ष रोखाशी जुळतो हे तपासणे. (३) वीज चालू केल्यावर आकाशक सर्व अक्षांत आपल्या मर्यादा शोधून शोधकार्य पूर्ण करीपर्यंत थांबणे. लहान आकाशकाला यास काही मिनिटे लागतात व या काळात जहाज हलविणे टाळणे. (४) उपग्रह सापडल्यावर नियंत्रकाने दाखविलेले दिगंश व उन्नतांश गणिताने काढलेल्या मूल्यांशी पडताळणे. दिगंशात कायम ठरावीक फरक दिसल्यास तो बसवणीतील वळणाचा फरक होय व तो नियंत्रकात नोंदवावा लागतो. उन्नतांशात फरक असल्यास कल-संवेदकाचे शून्य सरकले असण्याचा संभव असतो. (५) वीज बंद करून परिवर्तक ध्रुवण-कलाच्या मोजपट्टीवर योग्य अंशावर बसविणे. (६) अडथळ्यांची क्षेत्रे नियंत्रकात भरणे, म्हणजे त्या क्षेत्रात आकाशक विनाकारण शोधकार्य सुरू करीत नाही.

ध्रुवण साधताना संकेताची शक्ती व गुणवत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. परिवर्तक १०° चुकला असता हव्या संकेताची शक्ती केवळ ०·१३ डेसिबलने घटते. मापकाचा काटा ते दाखवितही नाही. परंतु काटकोनातील दुसऱ्या ध्रुवणाचा संकेत १५ डेसिबल खालच्या पातळीवर आत शिरतो आणि हव्या संकेतात गोंगाटासारखा मिसळतो. चूक ५° पर्यंत आणली की ही गळती सु. २१ डेसिबल खाली जाते. चूक ४५° च्या आसपास असल्यास दोन्ही ध्रुवणे सारख्याच प्रमाणात मिसळतात व शक्ती भरपूर दिसूनही चित्र मिळत नाही. म्हणून ध्रुवण शक्तीच्या नव्हे, तर गुणवत्तेच्या मापावरून साधावे. त्याहून चांगली रीत म्हणजे नको असलेला संकेत किमान होईल अशी स्थिती शोधणे. कारण महत्तम बिंदू सपाट व लघुतम बिंदू तीव्र असतो.

दोषशोधन : अंकीय दूरचित्रवाणीत दोषदुरुस्तीचे संकेतन असल्याने संकेत बराच खालावेपर्यंत चित्र निर्दोष दिसते आणि एका मर्यादेनंतर ते चौकटी पडून एकदम नाहीसे होते. जुन्या अनुरूप पद्धतीत चित्र हळूहळू ठिपक्यांनी भरत असे व त्यावरून पूर्वसूचना मिळे. आता ती मिळत नसल्याने सुस्थितीतील गुणवत्तेची नोंद ठेवणे हाच उपाय होय. ‘काल चांगले होते’ यापेक्षा ‘मुंबईच्या धक्क्यावर निरभ्र आकाशात गुणवत्ता अमुक होती’ ही नोंद अधिक उपयोगी पडते.

दोष शोधताना घुमट उघडण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे घ्यावीत. दोष सर्व संचांवर आहे की एकावर? सर्व वाहिन्यांवर आहे की काहींवर? तो कोणत्या परिस्थितीत उद्‌भवतो? एकाच संचावर दोष असल्यास आकाशक निर्दोष मानून त्या संचाचा ग्राही, केबल व वर्गणीची स्थिती तपासावी. काहीच वाहिन्या जात असल्यास त्यांचे ध्रुवण व उपपट्टा पाहावा. केवळ आडव्या ध्रुवणाच्या वाहिन्या जात असतील, तर केबलच्या रोधामुळे १८ व्होल्ट दाब परिवर्तकापर्यंत पोहोचत नसावा. केवळ वरचा उपपट्टा जात असेल, तर २२ किलोहर्ट्‌झचा स्वर पोहोचत नसावा. केबलचे क्षीणन कंप्रतेबरोबर वाढते. घरगुती वापराच्या चांगल्या समाक्ष केबलमध्ये ते १०० मी. लांबीला ९५० मेगॅहर्ट्‌झला सु. २० डेसिबल, तर २,१५० मेगॅहर्ट्‌झला ३० डेसिबलांहून अधिक असते. त्यामुळे लांब वा ओलसर केबलमध्ये वरच्या कंप्रतेच्या वाहिन्या आधी जातात.

सर्व वाहिन्या जात असल्यास दोषाची वेळ व परिस्थिती यांवरून पुढीलप्रमाणे निदान करता येते :

(१) जहाज वळताना चित्र जाते व सरळ मार्गावर परत येते : दिगंशाची भरपाई नीट होत नाही. रोखाची माहिती गोठलेली असणे, दिगंशाचा दात्याचा पट्टा सैल होणे अथवा घूर्णी संवेदक बिघडणे ही कारणे संभवतात. ज्या आकाशकात केबलला अमर्याद फिरता येत नाही, तो मर्यादेला पोहोचल्यावर उलट फिरून येतो. त्या काही सेकंदांत चित्र जाणे हा दोष नव्हे.

(२) धक्क्याला चित्र उत्तम, पण लाटांत जाते : स्थिरीकरणातील दोष होय. सैल पट्टा, झिजलेला धारवा, परावर्तकाचा बिघडलेला तोल किंवा कल-संवेदकाची चूक यांचा संशय घ्यावा. परिवर्तक बदलल्यानंतर हा दोष उद्‌भवल्यास नव्या परिवर्तकाच्या वेगळ्या वजनामुळे तोल गेला असण्याची शक्यता असते.

(३) ठरावीक रोखावरच चित्र जाते : आड येणारी वस्तू शोधावी. उपग्रहाच्या दिगंशातून जहाजाचा रोख वजा केला की नाळेपासून उजवीकडे मोजलेली उपग्रहाची दिशा मिळते. मुंबईजवळ दिगंश १३१° असताना जहाजाचा रोख ८६° असेल, तर उपग्रह नाळेच्या उजवीकडे ४५° वर असतो. त्या दिशेला डोलकाठी वा धुराडे आहे का, हे डोळ्यांनीच पाहता येते.

(४) प्रवासाच्या काही दिवसांत गुणवत्ता सावकाश घटत जाते : ध्रुवण-कल बदलला असावा किंवा जहाज उपग्रहाच्या प्रक्षेपणक्षेत्राच्या कडेला आले असावे. पहिल्यावर उपाय आहे. दुसऱ्यावर मोठी तबकडी किंवा दुसरा उपग्रह हाच उपाय.

(५) पावसात चित्र जाते : केयू पट्ट्यातील तरंगांचे पावसाच्या थेंबांकडून शोषण व प्रकीर्णन होते. पावसाळी ढग तरंगांचा तर क्षीणन करतातच, शिवाय स्वतः गोंगाटही वाढवितात. मुसळधार पावसात चित्र जाऊन पाऊस ओसरताच परत येणे स्वाभाविक आहे. हलक्या पावसातही चित्र जात असल्यास राखीव शक्ती आधीच कुठेतरी खर्च होत आहे, असे समजावे. घुमटावरील मिठाचा थर, काजळी, आत साचलेले पाणी किंवा चुकलेले ध्रुवण ही त्याची नेहमीची कारणे होत.

(६) संकेत भरपूर, आकाशक स्थिर, पण एकही वाहिनी नाही : आकाशक शेजारच्या उपग्रहाला धरून बसला असावा. भूस्थिर कक्षेत उपग्रह दोन-तीन अंशांच्या अंतरानेही असतात. अंकीय प्रवाहातील जालक्रमांकावरून आकाशक योग्य उपग्रह ओळखतो. ती माहिती चुकीची वा जुनी असल्यास ओळख चुकते.

(७) आकाशक सतत शोधतच राहतो : आकाश मोकळे आहे, वीज पुरेशी आहे व परिवर्तक चालू आहे याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर नियंत्रकातील संदर्भ कंप्रता तपासावी. प्रक्षेपक संस्थेने ती कंप्रता बदलली असल्यास आकाशक अस्तित्वात नसलेल्या संकेताचा शोध घेत राहतो. अशा वेळी कोणताही भाग बदलण्याची नव्हे, तर नियंत्रकातील कोष्टक अद्ययावत करण्याची गरज असते. हे न ओळखल्यामुळे सुस्थितीतील भाग बदलले जातात व दोष तसाच राहतो.

(८) वर्षातून दोनदा, काही दिवस, ठरावीक वेळी काही मिनिटे चित्र जाते : सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येऊन त्याचा रेडिओ गोंगाट आकाशकात शिरतो. उत्तर गोलार्धात हे वसंत संपाताच्या थोडे आधी व शरद संपाताच्या थोडे नंतर घडते. मुंबईजवळ ९३·५° पूर्वेकडील उपग्रहाच्या बाबतीत ही वेळ सकाळी अकराच्या सुमारास येते. यावर उपाय नाही व त्याची जरुरीही नाही.

परिस्थितीवरून निर्णय होत नसेल, तर बदलून पाहण्याची पद्धत वापरतात. प्रथम आकाशकाजवळच लहान केबलने चाचणी ग्राही जोडावा. तेथे चित्र मिळाले, तर दोष खालील केबल, जोडण्या वा विभाजकात आहे. मिळाले नाही, तर आकाशकात आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी. समुद्रावरील दोषांपैकी पुष्कळसे महागड्या भागांत नसून मिठाच्या पाण्याने गंजलेल्या जोडण्यांत असतात. जोडणी उघडल्यावर मध्यतार काळवंडलेली अथवा जाळी हिरवट दिसल्यास ती नुसती पुसून पुन्हा जोडू नये; केबल निरोगी भागापर्यंत कापून नवी जोडणी बसवावी व तिला जलरोधक पट्टी गुंडाळावी. १२ किंवा २४ व्होल्टवर चालणाऱ्या लहान नौकांत विद्युत् दाब आकाशक फिरत असताना मोजावा. स्थिर असताना योग्य वाटणारा दाब चलित्रे चालू होताच बारीक तारांमध्ये घसरतो आणि नियंत्रण मंडल पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होते.

देखभाल व सुरक्षितता : घुमट गोड्या पाण्याने व सौम्य साबणाने धुवावा. त्याला धातूचे कण असलेला रंग देऊ नये. तसा रंग तरंगांना अडवितो. तळातील पाणी निचरण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. पट्टे, धारवे व बांधण्या यांची पाहणी ठरावीक काळाने करावी.

घुमट उघडण्यापूर्वी आकाशकाची वीज बंद करणे अत्यावश्यक आहे. स्थिर दिसणारा परावर्तक जहाज किंचित कलताच जोराने फिरतो व बोटे चिरडू शकतात. डोलकाठीवर चढण्यापूर्वी रडार बंद करून ते कोणी चालू करणार नाही अशी व्यवस्था करावी. केवळ ग्रहण करणाऱ्या दूरचित्रवाणी आकाशकातून प्रारण होत नाही. परंतु संदेशवहनासाठी प्रेषण करणारे आकाशकही अगदी तशाच पांढऱ्या घुमटांत असतात आणि कित्येक जहाजांवर ते शेजारी शेजारी बसविलेले असतात. प्रेषण करणाऱ्या आकाशकाच्या शलाकेत काम करणे शरीराला अपायकारक असते. त्यामुळे घुमट कोणता आहे याची खात्री केल्याशिवाय त्याच्या जवळ जाऊ नये. चालत्या जहाजावर, खवळलेल्या समुद्रात केवळ चित्र परत आणण्यासाठी उंचावर चढणे कधीही समर्थनीय नाही.

मर्यादा : भूस्थिर उपग्रह ८१° अक्षांशापलीकडे क्षितिजाखाली जातो व त्याच्या पुष्कळ अलीकडेच संकेत निरुपयोगी होतो. बहुतेक दूरचित्रवाणी सेवांची शलाका एखाद्या देशावर वा खंडावर केंद्रित असते. खुल्या महासागरात ती मिळेलच असे नाही. शिवाय वर्गणीच्या सेवांचे हक्क प्रदेशापुरते मर्यादित असतात. वादळाची सूचना दूरचित्रवाणीवरही मिळत असली, तरी तिला सागरी सुरक्षा संदेशांच्या अधिकृत यंत्रणेचा पर्याय मानता येत नाही. कारण वादळी पावसातच या आकाशकाचे चित्र सर्वप्रथम जाते.

अलीकडे कमी उंचीच्या कक्षेतील उपग्रहसमूहांवरून जहाजांना जलद आंतरजाल सेवा मिळू लागली आहे. स्टारलिंकची सागरी सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. तीत यांत्रिक हालचालीऐवजी विद्युतीय रीतीने शलाका वळविणारे सपाट आकाशक वापरतात व कार्यक्रम आंतरजालामार्फत येतात. तथापि एकाच संकेतावर कितीही ग्राहींना कार्यक्रम पुरविण्याची भूस्थिर प्रक्षेपणाची क्षमता व निःशुल्क सेवांची उपलब्धता यांमुळे, किनाऱ्यालगत फिरणाऱ्या नौकांवर स्थिरीकृत तबकडीचा उपयोग अद्याप होत आहे.